शिक्षकाला पटलेलं

शाळेत दुसरी-तिसरी भाषा शिकवण्यावरून आपल्याकडे वाद पेटतात ते दोन प्रश्नांवर: कोणती भाषा आणि कितवीपासून? २०२५ साली महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून रान उठलं आणि सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. ती भाषा हिंदी होती, परकी नव्हे. पण वादाची चाल ओळखीची होती. त्याआधी २०१४च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून शिकवली जाणारी जर्मन शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर काढली गेली आणि तिच्या जागी संस्कृत आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, जर्मन सरकारपर्यंतही गेलं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेसाठी परकी भाषांची यादी आली, तेव्हा चर्चा झाली ती मसुद्यातली चिनी भाषा अंतिम यादीतून गेली कुठे याची. या तिन्ही वेळी एक प्रश्न जवळजवळ कुणी विचारला नाही: ही भाषा शिकवणार कोण, आणि त्या शिकवणाऱ्याला कोण शिकवणार?

मी पुण्यात शाळेतल्या मुलांना जर्मन शिकवते. प्रशिक्षण या नावाखाली जे काही चालतं त्याची मी बरीच वर्षं प्रेक्षक आहे, म्हणून हा प्रश्न मला टाळता येत नाही. पण या लेखात मला अनुभवांची पोतडी उघडायची नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी जो मजकूर लिहिला जातो, हस्तपुस्तिका, चौकटी, पाठ्यक्रम, तो मजकूर म्हणून वाचून पाहायचा आहे. आपण कादंबरी वाचतो तेव्हा लेखकाला वाचक कसा अपेक्षित आहे, हे ओळीओळींतून कळतं. तसंच प्रशिक्षणाच्या पुस्तकातून त्याला शिक्षक कसा अपेक्षित आहे हे कळतं.

उतरंडीचं गद्य

आपल्याकडच्या बहुतेक प्रशिक्षणांची रचना उतरंडीची असते. सर्वांत वर तज्ज्ञ. ते राज्यस्तरावरच्या काहींना शिकवणार, ते जिल्ह्याला, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. वरच्या मडक्यातलं पाणी खालच्या मडक्यात ओतत जायचं. प्रत्येक वेळी थोडं सांडतं हे सगळ्यांना माहीत असतं. तळाच्या मडक्यापर्यंत जे पोहोचतं ते बहुधा घटकसंच, उपस्थितीपत्रक आणि चहा-नाश्ता. खाजगी शाळांत परकी भाषा शिकवणाऱ्यांच्या वाट्याला उतरंडही येत नाही. तिथे पाठ्यपुस्तकाच्या प्रकाशकाची कार्यशाळा असते. एका दिवसात तीन खेळ, एक गाणं, नव्या आवृत्तीबरोबर मिळणाऱ्या अॅपची ओळख आणि शेवटी प्रमाणपत्र. प्रशिक्षण आणि विक्री यांच्यातली रेघ कुठे पुसली जाते ते कळत नाही.

या सगळ्यांचं गद्य मात्र एकसारखं असतं. त्यात क्रियापदं भविष्यकाळात असतात: विद्यार्थी ओळख करून देऊ शकतील, विद्यार्थी दिनक्रम सांगू शकतील, विद्यार्थी आनंदाने सहभागी होतील. वाक्याचा कर्ता कायम विद्यार्थी. शिक्षक दिसतो तो फक्त आज्ञार्थात: गट पाडा, चित्र दाखवा, टाळ्या वाजवून घ्या. ज्या माणसासाठी हे पुस्तक लिहिलंय तो स्वतः कसला विचार करतो, त्याला काय खटकतं, चाळीस मुलांच्या वर्गात गट पाडायला बाकं हलत नसतील तर तो काय करतो, याला या व्याकरणात जागाच नाही.

‘देऊ शकतील’चं मूळ बऱ्याच अंशी युरोप परिषदेच्या भाषाविषयक सामायिक चौकटीत आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या दस्तऐवजाने ए-१ पासून सी-२ पर्यंतच्या सहा पायऱ्या जगभर रूढ केल्या. गंमत अशी, की मूळ चौकट वाचायला घेतली तर ती बरीच नम्र निघते. आपण कुणी काय आणि कसं शिकवावं हे सांगायला बसलेलो नाही, असं तिचे कर्ते सुरुवातीलाच स्पष्ट करतात. भाषा येणं म्हणजे काय याचं वर्णन करणारी ती एक पट्टी आहे. पण पट्टीने मोजता येतं म्हणून पट्टीलाच कापड समजायची सवय लागली. २०२०च्या पूरक खंडात चौकटीच्या कर्त्यांनी बरंच काही सुधारलं. ‘मूळ भाषकासारखं’ बोलता येणं हा मापदंड वर्णनांतून काढला. दोन भाषांच्या आणि दोन माणसांच्या मध्ये उभं राहून अर्थ पोहोचवणं, म्हणजे मध्यस्थी, हे कौशल्य सविस्तर मांडलं. आपल्या शाळांपर्यंत यातलं काय आलं? पायऱ्यांची नावं. शाळेच्या माहितीपत्रकात ‘ए-१ पूर्ण’ असं छापता येतं. मध्यस्थी छापता येत नाही.

मद्रासहून आलेलं एक पुस्तक

शिक्षक हा विचार करणारा माणूस आहे असं गृहीत धरून लिहिलेलं एक पुस्तक मला माहीत आहे, आणि ते आपल्याच देशातल्या वर्गांतून निघालं. एन. एस. प्रभू यांचं ‘सेकंड लँग्वेज पेडॅगॉजी’, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, १९८७. प्रभू मद्रासला ब्रिटिश कौन्सिलमध्ये होते. १९७९ ते १९८४ या काळात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातल्या काही साध्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग केला. जगभरच्या भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून येतो. गृहीतक सोपं होतं. मुलाचं लक्ष भाषेच्या रूपावर नसून एखादा प्रश्न सोडवण्यावर असेल, तेव्हा व्याकरण त्याच्या नकळत आत मुरतं. म्हणून धड्यांऐवजी कामं. रेल्वेचं वेळापत्रक घ्यायचं आणि अमुक वाजता पोहोचायचं तर कोणती गाडी पकडावी ते शोधायचं. नकाशा घ्यायचा. किमतींचा हिशोब करायचा. आधी शिक्षक सगळ्या वर्गाबरोबर तसंच एक काम बोलत बोलत सोडवणार, मग मुलं दुसरं काम एकेकटी करणार. काम योग्य अवघड आहे का हे ठरवायची कसोटीही घरगुती: निम्म्या मुलांना निम्मं तरी जमलं पाहिजे.

यातली एक गोष्ट आजच्या कार्यशाळेत सांगितली तर लोक दचकतील. प्रभूंनी गटकार्य टाळलं. इंग्रजी नुकतीच शिकू लागलेली मुलं आपापसांत बोलली तर ती एकमेकांच्या अर्धवट रूपांवर स्थिरावतील, त्यांना शिक्षकाची भाषा जास्तीत जास्त ऐकायला मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते बरोबर की चूक हा वेगळा वाद. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की लंडनहून आलेल्या फॅशनकडे न पाहता, समोरच्या भरलेल्या वर्गाकडे पाहून एक माणूस स्वतःच्या मताला आला आणि कारणासह ते मांडलं.

पुस्तकाचा शेवटचा भाग शिक्षकांविषयी आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत टिकाऊ आहे. प्रभू तिथे एक कल्पना मांडतात आणि १९९० सालच्या ‘सर्वोत्तम पद्धत का नाही’ या अर्थाच्या शीर्षकाच्या लेखात ती पुढे नेतात. प्रत्येक शिक्षकाकडे शिकणं कसं घडतं याची स्वतःची एक समजूत असते. ती स्वतःच्या शाळेतून, स्वतःला शिकवणाऱ्यांकडून, वर्गातल्या फसलेल्या आणि साधलेल्या तासांतून तयार होते. ती समजूत जिवंत असेल, तर पद्धत कुठलीही असो, तासात जीव असतो. ती मेली की उरतो फक्त परिपाठ. म्हणून चांगल्या शिकवण्याचा शत्रू वाईट पद्धत नाही, यांत्रिकता आहे. आणि बाहेरून लादलेली सर्वोत्तम पद्धतसुद्धा शिक्षकाला यांत्रिक करू शकते.

इंग्रजीत या कल्पनेला त्यांनी जे नाव दिलं, त्यातल्या मुख्य शब्दाचा कोशातला अर्थ ‘संभाव्यता’ किंवा ‘सयुक्तिकता’ असा निघेल. मला वाटतं मराठीत याहून चांगला शब्द तयार आहे: पटणं. मराठीत युक्तिवाद पटतो, ओळख पटते, आणि दोन माणसांचं एकमेकांशी पटतं किंवा पटत नाही. प्रभूंना जे म्हणायचंय त्यात हे तिन्ही अर्थ आहेत. शिक्षकाला एखादी रीत बुद्धीने पटावी लागते. ती आपली आहे अशी ओळख पटावी लागते. आणि समोरच्या मुलांशी तिचं पटावं लागतं. प्रशिक्षणाचं मोजमाप करायचंच, तर किती शिक्षक आले, यापेक्षा किती जणांना काय पटलं आणि काय पटलं नाही, हे विचारावं लागेल. आपल्या अभिप्रायपत्रकात ‘पटलं नाही’ असा रकाना नसतो.

प्रभूंनी न सोडवलेलं

पण प्रभूंची आरती करून थांबता येणार नाही. त्यांच्या प्रयोगाची पुढे तपासणी झाली. अॅलन बेरेट्टा आणि अॅलन डेव्हिस यांनी १९८५ साली मूल्यमापन प्रसिद्ध केलं. निष्कर्ष सावधपणे अनुकूल होता. नंतर बेरेट्टा यांनी शिक्षकांकडे पाहिलं, तेव्हा वेगळं चित्र दिसलं. प्रकल्पाच्या आतल्या गोटातले, भाषेवर पकड असलेले शिक्षक ही रीत लवचीकपणे वापरत होते. शाळांमधल्या नेहमीच्या शिक्षकांना ती तितकी झेपली नव्हती. कारण उघड आहे. पुस्तकातलं वाक्य म्हणवून घेण्यापुरती भाषा असली तरी जुनी पद्धत चालवता येते. मुलाने अनपेक्षित उत्तर दिलं की त्यावर तिथल्या तिथे बोलायचं, तर शिक्षकाच्या अंगात भाषा असावी लागते.

हा मुद्दा आपल्याकडे फार नाजूकपणे टाळला जातो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आली. दुर्गम भागातल्या एका शिक्षकी किंवा दोन शिक्षकी शाळेतल्या गुरुजींसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी इंग्रजी ही शासकीय व्याख्या काहीही असो, परकीच भाषा. ती आजूबाजूला ऐकू येत नाही. जर्मनचं तेच, आणखी टोकाला. बी-१ किंवा बी-२ झालेली व्यक्ती शाळेत शिकवू लागते आणि पुढची दहा वर्षं ‘माझं नाव अमुक, मी पुण्यात राहते’ याच वाक्यांच्या सहवासात काढते. तिची स्वतःची जर्मन दर वर्षी थोडी थोडी आटते. गायक रियाज बंद करून फक्त अलंकार शिकवत राहिला तर जे होईल, ते. तिला कार्यशाळेत खेळ शिकवून हे भरून निघणार नाही. तिला वाचायला पुस्तकं, बोलायला माणसं आणि त्यासाठी वेळ हवा. भाषाशिक्षकाच्या व्यावसायिक विकासात पहिली ओळ हीच असायला हवी, आणि तीच बहुतेक ठिकाणी गाळलेली असते.

प्रभूंच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट नाही: पगार. खाजगी शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत परकी भाषेचे कितीतरी शिक्षक तासिका तत्त्वावर असतात. घेतलेल्या तासाचे पैसे. प्रशिक्षणाचा दिवस म्हणजे बुडालेला दिवस. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करतं, आणि तो त्याच्या स्वतःच्या आवडीनिवडीनुसार व्हावा असंही म्हणतं. हे दुसरं वाक्य फार मोलाचं आहे. पण तासावर पोट असलेल्या बाईंचे हे ५० तास कुणाच्या खात्यात पडणार, हे लिहिलेलं नाही. मग होतं ते असं, की रात्री मोबाइलवर चित्रफीत चालू ठेवून तास भरले जातात आणि प्रमाणपत्र छापलं जातं.

जवळ येणारं एक उदाहरण

प्रभूंच्या कल्पनेच्या जवळ जाणारा एक प्रयत्न माझ्या क्षेत्रात आहे. गोएथे इन्स्टिट्यूटची ‘डॉइच लेरेन लेर्नेन’ ही, म्हणजे ‘जर्मन शिकवायला शिकणं’ या अर्थाची, पुस्तकमालिका. शिक्षकाचं कौशल्य, शिकण्याची प्रक्रिया, भाषेचं स्वरूप, कृती आणि सराव, साधनं, नियोजन असे तिचे मूळ सहा खंड. हिचं वेगळेपण म्हणजे तिने अभ्यासाच्या केंद्राशी ठेवलेली एक कृती, जिला मराठीत ‘स्वतःच्या वर्गाचा शोध’ म्हणता येईल. शिक्षकाने आपल्या वर्गातला एक छोटा, खरा प्रश्न निवडायचा. काही बदल करून पाहायचा. काय झालं ते टिपायचं. मग सोबतच्या शिक्षकांसमोर ठेवायचं. इथे क्रियापदाचा कर्ता शिक्षक आहे, आणि वाक्य प्रश्नार्थक आहे. नुसत्या व्याकरणाच्या दृष्टीने पाहिलं तरी हा मोठा बदल.

तरी मालिका वाचताना एक गोष्ट खुपते. ती जगभरच्या शिक्षकांसाठी लिहिली आहे, त्यामुळे तिच्यातला शिक्षक कुठल्याच गावचा नाही. त्याच्या मुलांच्या घरची भाषा ‘मुलांची पहिली भाषा’ या एका शब्दसमूहात मावते. त्या रिकाम्या जागी आपली भाषा भरायचं काम स्थानिक प्रशिक्षणाचं. ते क्वचित होतं. शोधप्रकल्प सादर करण्याची वेळ आली, की बहुतेक सादरीकरणं एका साच्यातून निघतात: खेळ आणला, मुलांना आवडला, प्रतिसाद ‘सकारात्मक’. खरा प्रश्न फसण्याचा धोका पत्करतो; प्रमाणपत्राला तो धोका परवडत नाही.

रिकामी जागा म्हणजे काय, याचं एक उदाहरण देते. जर्मनमध्ये नामांना तीन लिंगं: डेर, डी, डास. पहिल्याच आठवड्यात ‘डास’ शब्दावर वर्गात हशा पिकतो, कुणीतरी हवेत टाळी वाजवून तो मारतं, आणि मग सगळे धड्याकडे वळतात. इंग्रजीतून तयार झालेल्या साहित्यात ही तीन लिंगं म्हणजे एक संकट असतं. रंगीत कागद, युक्त्या, पाठांतराची गाणी. पण घरी मराठी बोलणारं मूल तीन लिंगांतच वाढलेलं असतं. तो दगड, ती वही, ते पुस्तक. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी, पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी. सूर्य मात्र जर्मनमध्ये स्त्रीलिंगी होतो, वही नपुंसकलिंगी. शब्दागणिक लिंग जुळणार नाही, पण निर्जीव वस्तूलाही लिंग असतं आणि त्याला कारण विचारायचं नसतं, हे त्या मुलाला नव्याने शिकवावं लागत नाही. मुलगी या अर्थाचा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे, याचं इंग्रजीतून शिकणाऱ्याला नवल वाटतं. आपल्याकडे ‘ते पोर’ किती सहज म्हणतो. ‘पेन’ तो की ते, यावर आपल्या वर्गात भांडण लागतं. ‘योगुर्ट’ शब्दाच्या लिंगावर जर्मन भाषकांचंही एकमत नाही.

हे लिंगापाशी थांबत नाही. चतुर्थी विभक्ती ही संकल्पना मराठी व्याकरणात शिकलेली असते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, हा जर्मनचा कुप्रसिद्ध नियम. मराठी माणसाचं क्रियापद शेवटीच बसलेलं असतं. जर्मनमधला ‘डू’ आणि ‘झी’ यांचा भेद इंग्रजीतून समजावताना परिच्छेद खर्ची पडतो. तू आणि तुम्ही म्हटलं की झालं. आजीला घरात ‘अगं आजी’ म्हणतो, शेजारच्या काकूंना ‘तुम्ही’, या अनुभवातून मुलं तो भेद पुष्कळ बारकाईने चर्चेत आणतात.

म्हणजे पुण्यातल्या जर्मनच्या शिक्षकाकडे अशी एक पुंजी आहे जी बर्लिनहून आलेल्या तज्ज्ञाकडे नाही. पण परकी भाषेच्या तासाला मातृभाषा वर्ज्य, हा नियम इतका खोल रुजलाय, की ती पुंजी वापरणारा शिक्षक चोरून वापरतो आणि प्रशिक्षणात कबूल करत नाही. युरोप परिषदेने मध्यस्थी या कौशल्याला मान दिला, तरी आपल्या वर्गात मराठीचं वाक्य निसटलं की शिक्षक दाराकडे बघतो. सगळा तास मराठीत घ्यावा असं मी म्हणत नाही. प्रभूंचा शिक्षकाच्या भाषेवरचा भर मला पटतो. मुलांना जर्मन ऐकू येणार ती त्या चाळीस मिनिटांतच. पण कुठे एक मराठी वाक्य दहा मिनिटं वाचवेल, हे ठरवण्याची जाण हाच शिक्षकाचा व्यवसाय आहे. तीच वाढवायची तर आधी ती आहे असं मान्य करावं लागेल.

पाणी वर कसं चढेल

प्रभूंनी १९९२च्या एका लेखात तासाकडे चार अंगांनी पाहिलं: अभ्यासक्रमाचा एक टप्पा, एखाद्या पद्धतीची अंमलबजावणी, एक सामाजिक रिवाज आणि माणसांमधली देवाणघेवाण. आपली प्रशिक्षणं पहिल्या दोहोंवर खर्च होतात. उरलेल्या दोन गोष्टी फक्त त्या वर्गातल्या शिक्षकाला दिसतात. म्हणून त्या शिकायच्या तर शिक्षकांनी एकमेकांकडून शिकायच्या. याची बीजं आपल्याकडे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स आणि राज्य सरकार यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात जवळपासच्या शाळांतले शिक्षक नियमित भेटतील अशा गटांवर भर होता. ही रचना उतरंडीपेक्षा मूलतः वेगळी आहे. तिला परिपत्रकांचं वाचन गिळून टाकतं की नाही, यावर तिचं यश ठरतं.

परकी भाषांच्या शिक्षकांसाठी मला हेच हवं आहे, आणि यात काही खर्चिक नाही. एका भागातल्या चार-पाच शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा भेटावं. अर्धा वेळ ती भाषा स्वतःसाठी वाचावी, बोलावी, मुलांसाठी नव्हे. अर्ध्या वेळात एकाने आपला न जमलेला तास सांगावा आणि बाकीच्यांनी ‘तू हे का केलंस’ असं खरोखर विचारावं. त्या तासांची नोंद ५० तासांत व्हावी, आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला त्यांचे पैसे मिळावेत. शेवटची अट सोडली तर बाकी सगळं सुविचार ठरेल, एवढं मला माहीत आहे.

कारण २०१४ साली दिसलं ते असं: भाषा वर्षाच्या मध्यावर काढता येते, करार बदलता येतात, यादीत नावं घालता-गाळता येतात. अकरावीला गुण मिळवून देणारा विषय म्हणून निवडलेली जर्मन बारावीनंतर विसरताही येते. या सगळ्यातून मुलाकडे काही उरतं, ते बहुधा एका शिक्षकामुळे उरतं, ज्याला ती भाषा का आणि कशी शिकवायची हे कधीतरी स्वतःहून पटलेलं असतं. धोरणात भाषांची यादी छापताना त्या पटण्यासाठी वेळ आणि पैसा कुठून येणार, याचीही एक ओळ असली पाहिजे. ती नसेल, तर यादीत कोणती भाषा आहे याने फारसा फरक पडत नाही.